हॉट डॉगचा ड्रेस आणि आमचा खंड्या: दोन स्टार, त्यातला एक दयेचा

हॅलोविनसाठी आमच्या कुत्र्याला हा ड्रेस ऑर्डर करताना फोटोतला कुत्रा हसत होता, आणि माझी पहिली चूक तिथेच झाली, मी कुत्र्याचं तोंड आधी बघितलं आणि साइझ चार्ट नंतर. चोवीस डॉलर नव्याण्णव सेंट. कंपनीचं नाव लिहीत नाहीये कारण पाकिटावर एक नाव होतं, बिलावर दुसरं, आणि ज्यांच्याकडे तक्रार केली त्यांनी ईमेलखाली तिसरंच टाकलं. तुम्ही पण अमेरिकेत असाल आणि ऑक्टोबरमधे 'डॉग हॉट डॉग कॉश्च्युम' असं शोधलंत तर हाच फोटो दहा ठिकाणी दहा किमतींना दिसेल, तो हसणारा कुत्रा दिसला की माझी आठवण काढा.

आता आमच्या हिरोबद्दल. खंड्या, वय अंदाजे चार, वजन 14 किलो, शेल्टरमधून आणलेला, थोडा बीगल आणि बाकी देव जाणे काय. छाती पैलवानाची, मान बारीक, पाय आखूड. नाव आम्ही हौसेने खंड्या ठेवलं, पण इथे न्यूयॉर्कशेजारच्या जर्सी सिटीत कुणाला 'ख' म्हणता येत नाही त्यामुळे तो बिल्डिंगमधे सगळ्यांचा 'कॅंडी' आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणारे.

तर ड्रेस. हॉट डॉग म्हणजे लांब पावात घातलेलं सॉसेज. तेव्हा पोलिस्टरचा कापूस भरलेले पावाचे दोन लांब तुकडे, जे कुत्र्याच्या दोन बाजूंना लोंबतात, मधे पाठीवर तांबडं सॉसेज, त्यावर पिवळ्या फेल्टची (जाड लोकरी कापडाची) नागमोडी पट्टी म्हणजे मस्टर्ड, मोहरीचा सॉस. गळ्याला एक वेल्क्रो, पोटाला एक वेल्क्रो, आणि वर एक टोपी ज्याचं इलॅस्टिक हनुवटीखालून जातं. फोटोत भारी दिसतं, मान्य. आणि मी एकटीच भुललेली नाहीये, इथलं नॅशनल रिटेल फेडरेशन, म्हणजे दुकानदारांची संघटना, दर वर्षी हॅलोविनचा सर्व्हे काढतं, 2023 साली त्यांचा अंदाज होता की फक्त पाळीव प्राण्यांच्या कॉश्च्युमवर लोक 70 कोटी डॉलर घालवणार, आणि पसंतीत पहिला भोपळा, दुसरा हॉट डॉग. म्हणजे देशात कुठेतरी लाखो कुत्री याच पावात अडकलेली असणार.

साइझचं सांगते कारण खरी गोम त्यात आहे. बहुतेक चार्टमधे 'लहान कुत्रा, मध्यम कुत्रा' असं असतं किंवा नुसतं वजन असतं, आणि वजनावरून काहीही कळत नाही. तीन मापं लागतात, गळा, छातीचा घेर (पुढच्या पायांच्या मागून, सगळ्यात जाड जागी), आणि पाठ, म्हणजे पट्ट्यापासून शेपटीच्या बुडापर्यंत. खंड्याची छाती 26 इंच आणि पाठ 21. या कंपनीच्या मीडियममधे पाठ बरोबर बसत होती पण पोटाचा पट्टा पोचेना, लार्जमधे पट्टा पोचला पण सॉसेज शेपटीच्या पुढे चार इंच. मी लार्ज घेतला. म्हटलं चालेल, सॉसेज लांबच असतं.

पहिल्यांदा घातला तेव्हा खंड्या जागेवर थिजला. म्हणजे लिटरली पुतळा. नवरा म्हणाला, बघ किती शहाणा आहे, हलत पण नाहीये. मी पण दोन फोटो काढले आणि मग झूम केल्यावर दिसलं की डोळ्याच्या कडेला पांढरं दिसतंय, जीभ सारखी नाकावर फिरतेय, आणि दोन मिनिटांत तीन जांभया. ज्यांनी कुत्री पाळलीयेत त्यांना कळेल, ही झोपेची जांभई नसते. आपल्याकडे लग्नात भर दुपारी मे महिन्यात शेरवानी घातलेला चार वर्षांचा करवला असतो ना, अगदी तसा चेहरा. टोपी काढली, दोन्ही कान सुटे झाले, आणि तो लगेच चालायला लागला. त्या टोपीचं इलॅस्टिक कान दाबत होतं, आणि कुत्र्याचे कान दाबले की त्याचं अर्धं जग बंद. टोपी तेव्हाच कचऱ्यात गेली, म्हणजे पंचवीसातले पाच डॉलर गेले असं धरा.

मग आईचा व्हिडिओ कॉल. आई सांगलीला असते. तिने बघितलं आणि पहिलं वाक्य, "अगं, त्याला गादीत का गुंडाळलंय?" मी म्हटलं आई हॉट डॉग आहे, खायचा असतो, सॉसेज. "म्हणजे कुत्र्याला कुत्र्याचं नाव असलेल्या खाण्याचा वेष दिलाय?" यावर माझ्याकडे खरंच उत्तर नव्हतं. मग म्हणाली, "बैलाला झूल घालतात तसं काहीतरी कर की, बिचाऱ्याला बसता तरी येईल." मी हो हो म्हणून विषय बदलला, कारण शनिवारी परेड होती.

परेड म्हणजे न्यूयॉर्कच्या ईस्ट व्हिलेजमधल्या टॉम्पकिन्स स्क्वेअर पार्कची हॅलोविन डॉग परेड. या पार्कात 1990 पासून कुत्र्यांसाठी वेगळं कुंपण घातलेलं मैदान आहे, शहरातलं पहिलं, आणि परेड पण साधारण तेव्हापासूनचीच. एकदा बघाच. लोक नुसतं कुत्र्याला सजवत नाहीत, अख्खा देखावा करतात, बाबागाडीवर पुठ्ठ्याचा सबवेचा (म्हणजे भुयारी रेल्वेचा) डबा आणि खिडकीतून डोकावणारा पग, हातगाडीवर पिझ्झाचं दुकान आणि काउंटरवर शेफची टोपी घातलेला बुलडॉग. गणपतीत आपल्या मंडळांचं कसं असतं, तशीच चढाओढ, फक्त मूर्ती भुंकते.

(कुत्रा घेऊन सबवेने जायचं असेल तर नियम असा की तो पिशवीत किंवा पेटीत पाहिजे, म्हणून लोक आयकियाच्या निळ्या पिशवीला चार भोकं पाडून त्यात मोठाली कुत्री उभी करतात. आम्ही मैत्रिणीच्या गाडीने गेलो, पार्किंगला ड्रेसपेक्षा जास्त पैसे लागले.)

परेडमधे आमचा हॉट डॉग अठ्ठावीस मिनिटं टिकला. सांगते कसा. चालताना दोन्ही बाजूचे पाव पुढच्या पायांच्या कोपरांवर आपटतात, त्यामुळे खंड्या बदकासारखा चालायला लागला. लार्ज असल्यामुळे सॉसेज एका बाजूला कलंडलं आणि दहा मिनिटांत पोटाखाली, म्हणजे वरून बघणाऱ्याला पाव दिसेना आणि खालून सॉसेज लोंबतंय, लहान मुलं हसतायत आणि त्यांच्या आया दुसरीकडे बघतायत. वेल्क्रोमधे पोटाचे केस अडकले. आणि मग, नर कुत्रा असलेल्यांनी हे नीट वाचा, पोटाचा पट्टा आणि पावाची खालची कड नेमकी तिथे येते जिथे यायला नको. पहिल्याच झाडापाशी त्याने पाय वर केला आणि डावा पाव भिजला. पोलिस्टरचा कापूस किती पाणी पितो हे कंपनीने कुठेच लिहिलेलं नाही.

तेवढ्यात मी पाव पिळत असताना त्याने मान वळवून मस्टर्डची पट्टी उपटली. नुसती गोंदाने चिकटवलेली होती, एक टाका नाही. तीनेक इंच फेल्ट गिळलं. परेड राहिली बाजूला, मी फुटपाथवर बसून व्हेटला, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरला, फोन. त्यांनी सांगितलं तुकडा छोटा आहे, कुत्रा मध्यम आहे, उलटी होते का, खातो का, शी होते का बघा, काही वेगळं वाटलं तर लगेच घेऊन या. रात्रभर झोप नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मस्टर्ड सुखरूप बाहेर आलं. आयुष्यात कधी वाटलं नव्हतं की पिवळी पट्टी बघून मी एवढी खूश होईन. तेव्हा ड्रेस कुठलाही घ्या, भोपळा घ्या वटवाघूळ घ्या, आधी सगळं ओढून बघा, जे हाताने सुटतं ते दाताने सुटणारच.

पण त्या फुटपाथवर बसल्यामुळे एक फायदा झाला. शेजारी एक जपानी काकू होत्या, सत्तरीच्या असतील, त्यांच्या शिबाला (जपानी जातीचा कुत्रा) गडद निळा किमोनो. मी पाहिलेल्या सगळ्या कपड्यांत शिवणीला हा एक नंबर. त्यांनी मला उलटा करून दाखवला (किमोनो, कुत्रा नाही). आत मऊ सुती अस्तर, पोटाकडे वेल्क्रो नाही, तीन टिचबटणं. पाठीवर काजासारखं शिवलेलं भोक, त्यातून हार्नेसची, म्हणजे अंगावरच्या पट्ट्याची, कडी बाहेर येते. पोटाचा भाग मागे आखूड कापलेला, म्हणजे माझ्या पावाचं जे झालं ते होत नाही. हे सगळं बघून मला आपण पंचवीस डॉलर नक्की कशाला दिले असा प्रश्न पडला.

हा हॅलोविनसाठी घेतलाय का विचारलं तर म्हणाल्या छे, हा शिचि-गो-सानचा. तो जपानमधला मुलांचा सण, 15 नोव्हेंबरच्या आसपास तीन, पाच, सात वर्षांच्या मुलांना नटवून देवळात नेतात, आयुष्य मागायला. आता काही देवळं पाळीव प्राण्यांसाठी पण करतात, टोकियोजवळच्या कानागावा प्रांतात झामा नावाचं देऊळ आहे तिथे तर कुत्र्या-मांजरांची वेगळी जागाच आहे. तिकडे 15 वर्षांखालच्या मुलांपेक्षा घरातली कुत्री-मांजरं संख्येने जास्त झालीयेत, मग देवाच्या दारी कोण जाणार. मला आधी हसू आलं, पण नंतर वाटलं की हा ड्रेस कुणाला हसवायला शिवलेलाच नाहीये, म्हणून तो इतका नीट शिवलाय. माझ्या हॉट डॉगमधे कुत्रा फक्त विनोदाला लागणारं सामान होता.

घरी आल्यावर मी दोन रात्री यूट्यूबवर घालवल्या, आता हे रिव्ह्यूत कशाला असं म्हणाल, पण पुढचा ड्रेस यातूनच निघाला. ब्राझीलच्या रिओमधे कार्निव्हलला कुत्र्यांची वेगळी मिरवणूक असते, नाव ब्लोकाओ, त्यांच्या भाषेत ब्लोको म्हणजे कार्निव्हलचं पथक आणि काओ म्हणजे कुत्रा. तिथे फेब्रुवारीत कडक उन्हाळा, त्यामुळे बऱ्याच कुत्र्यांच्या अंगावर नुसती झालर नाहीतर गळ्यात रंगीत काहीतरी, गादी कोण घालणार. बोलिव्हियात 16 ऑगस्टला सान रोके, कुत्र्यांचा रखवालदार संत, त्या दिवशी कुत्र्यांना फिती बांधून, कपडे घालून नेतात. आणि आपला शेजारी नेपाळ, तिथे तिहार, म्हणजे त्यांची दिवाळी, त्याच्या दुसऱ्या दिवशी कुकुर तिहार, घरचा असो की गल्लीतला, प्रत्येक कुत्र्याला टिळा, झेंडूची माळ, आणि खायला चांगलंचुंगलं. पोलिसांच्या कुत्र्यांना पण. तो दिवस म्हणजे आपली नरक चतुर्दशी. आपण त्याच दिवशी पहाटे फटाके लावून त्याच कुत्र्यांना पलंगाखाली पाठवतो, आणि वर दत्ताच्या फोटोतल्या चार कुत्र्यांना हार घालतो. असो, तो विषय वेगळा.

आणि त्या वर्षी, म्हणजे 2024 ला, गंमत अशी की नरक चतुर्दशी आणि हॅलोविन एकाच दिवशी, 31 ऑक्टोबर. आमच्या खालच्या मजल्यावर नेपाळी कुटुंब आहे, त्यातल्या ताई सकाळी सातला दारात, हातात ताट. मी अभ्यंगस्नान उरकून ओल्या केसांनी चहा करत होते. त्यांनी खंड्याला बसवलं, कपाळावर टिळा लावला, झेंडूची माळ घातली, पुढे उकडलेलं अंडं ठेवलं. खंड्या पहिल्यांदा कुठल्याही नटण्याला नाही म्हणाला नाही. अर्थात अंड्यामुळे. माळेचा रिव्ह्यू पण देऊन टाकते: हलकी, कान मोकळे, पोट मोकळं, किंमत शून्य, टिकाऊपणा चाळीस मिनिटं, नंतर मी काढून घेतली कारण तो दोरा चावायला लागला होता.

संध्याकाळसाठी मी आईचं ऐकलं आणि झूल शिवली. आमच्या गावाकडे पोळा नाही, बेंदूर असतो, आषाढात. लहानपणी आजोबांकडे बघितलेलं सगळं आठवतंय, शिंगं रंगवायची, गोंडे, घुंगूरमाळा, बाशिंग, आणि पाठीवर आरशांची झूल. पण त्याच्या आदल्या संध्याकाळी खांदमळणी असते, जू जिथे घासतं तिथे हळद आणि तूप लावून खांदे चोळायचे. आजोबा ते इतकं सावकाश करायचे की बैल डोळे मिटून उभा राहायचा. आधी चोळणं, मग नटवणं. मी पण तसंच केलं, म्हणजे हळद-तूप नाही (सोफा भाड्याच्या घरातला आहे), पण चार दिवस आधीपासून रोज कापड नुसतं त्याच्या पाठीवर टाकायचं, खांदे चोळायचे, एक तुकडा चीजचा, कापड काढायचं. पहिल्या दिवशी पाच सेकंद, चौथ्या दिवशी तो कापड बघून शेपटी हलवायला लागला. हॉट डॉगच्या वेळी मी हे केलं असतं तर कदाचित तो पण सहन केला असता, हे कंपनीच्या बाजूने एवढंच.

झुलीचं मटेरियल: आजीच्या फाटलेल्या इरकल साडीचा लाल पदर, आत जुन्या टीशर्टचं अस्तर. लांबी 18 इंच, म्हणजे पाठीपेक्षा तीन कमी, शेपूट मोकळी. काकूंची टिचबटणं आणि हार्नेसचं भोक सरळ चोरलं. गोंडे लावले होते, मस्टर्ड आठवून उसवून टाकले. एक घुंगरू लावून बघितलं, चालताना आवाज झाला की तो मागे वळून कोण आहे बघायचा, तेही काढलं. आरसे नाहीत, बाशिंग नाही. म्हणजे बैलाची झूल आणि गरिबाचा किमोनो यांच्या मधलं काहीतरी. खोटं बोलणार नाही, छातीला पट्टा न दिल्यामुळे ती पण वळताना एका बाजूला सरकत होती आणि मला दर दोन घरांनंतर ओढून सरळ करावी लागत होती, पुढच्या वर्षी पुढून एक पट्टी देणार.

हॅलोविनच्या संध्याकाळी मुलं नटून दारोदार गोळ्या-चॉकलेटं मागत फिरतात, त्यात आम्ही. बाहेर पडल्यावर प्रत्येक दारात एकच प्रश्न, हा काय झालाय? मी म्हटलं बैल. मग शिंगं कुठेयत? मग मी बेंदूर समजावून सांगणार तोपर्यंत मागच्या मुलांची रांग ओरडायला लागायची. आणि ओरडायची काय, तर "कॅंडी! कॅंडी!" आता आठवतंय ना मी काय सांगितलं होतं. आमच्या खंड्याला वाटलं अख्ख्या जर्सी सिटीला आज आपण पाहिजे आहोत. प्रत्येक हाकेला पळत जायचा, शेपूट वर, आणि समोरचं पोरगं हातातली पिशवी छातीशी धरून किंचाळायचं. मी त्याच्या मागे झूल सावरत, सॉरी सॉरी करत. पिशव्यांमधे चॉकलेट, मनुका, शुगरफ्री गम, सगळं कुत्र्याला विष, त्यातल्या गममधलं झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात ते) तर थोडंसं पण फार वाईट, त्यामुळे दीड तास माझा अर्धा जीव लीशमधे, म्हणजे त्याच्या दोरीत, होता. पण दीड तास. हॉट डॉगमधे अठ्ठावीस मिनिटं. मधेच एका पायरीवर तो झुलीसकट बसला, मग आडवा झाला, मग पोट वर करून लोळला. तिथे मला कळलं की त्याच्या डोक्यातून झूल गेलीये.

बहिणीने पुण्याहून दिवाळीचा डॉग कुर्ता पण पाठवला होता, आता तिकडे सगळीकडे मिळतात, सोनेरी बटणांचा. त्याबद्दल फार लिहीत नाही, कापड छान, पुढच्या पायांना बाह्या आहेत ज्या घालताना दोन माणसं लागतात, आणि बटणं मी घालायच्या आधीच कापली. फोटोपुरता तीन स्टार.

आता हॉट डॉगच्या रिटर्नचं. मी फोटो पाठवले, उसवलेली पट्टी, वाकडं सॉसेज. दोन दिवसांनी उत्तर आलं, माफ करा, वस्तूला प्राण्यांचे केस लागलेले दिसतात त्यामुळे परत घेता येत नाही. कुत्र्याच्या ड्रेसला. कुत्र्याचे केस. मी ते ईमेल नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं आणि आम्ही दोघं पाच मिनिटं हसत होतो, तेव्हा एक स्टार करमणुकीचा धरा.

दुसरा स्टार खंड्याने दिलाय. ड्रेस दोनदा धुतला (पाव वाळायला दीड दिवस), सॉसेज कापून काढलं, वेल्क्रो उसवले, आणि दोन पाव खिडकीपाशी टाकून ठेवले, फेकायचे म्हणून. त्या दिवसापासून तो त्यांच्या मधोमध झोपतोय. आईला कॉलवर दाखवलं तर म्हणाली, "मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, गादी आहे म्हणून."